तीनदा विचारायची रीत

आमच्या कॉर्मॅकच्या अंगावर शेवटी हिरवी जर्सीच चढणार होती, मग तो कुणाकडूनही खेळो. उत्तरेच्या फुटबॉल टीमची जर्सी हिरवी, दक्षिणेच्या टीमचीही हिरवी. बेट एवढंसं, त्यात देश दोन, टीम दोन, आणि रंग निवडायची वेळ आली तेव्हा दोघांनाही एकच सुचला. तरी त्यातला कुठला हिरवा, यावरून त्या वर्षी माझ्या दुकानात जेवढी डोकी तापली तेवढं माझ्या कढईतलं तेलही तापलं नसेल.

मी डिंफना, कॉर्मॅकची मावशी. डेरी नावाच्या शहरात नदीच्या अलीकडे माझं तळलेले मासे आणि बटाटे विकायचं दुकान आहे. अलीकडे आम्ही कॅथलिक, पलीकडे बरेचसे प्रोटेस्टंट. आम्ही म्हणतो बेट एकच आहे, मधली सीमा कुणीतरी कागदावर ओढली. ते म्हणतात आम्ही ब्रिटनचे, आणि सीमा आहे तिथे ठीक आहे. शहराचं नाव काय, यावरही आमचं एकमत नाही, त्यामुळे पत्ता सांगताना माणूस आधी समोरच्याचं तोंड बघतो. अशा गावात माझ्या धाकट्या बहिणीने, ग्रोन्याने, पलीकडचा नवरा केला. मर्व्हिन गिलफिलन, वेल्डर. माणूस सोन्यासारखा, पण पलीकडचा. लग्नाच्या जेवणाला त्यांचे लोक एका भिंतीला टेकून उभे, आमचे दुसऱ्या, आणि मधल्या एवढ्या मोठ्या फरशीवर नवरा-नवरी दोघंच नाचत होते.

मुलगा झाला तेव्हा नाव आमच्याकडचं ठेवलं, आडनाव तर त्यांच्याकडचंच येणार. कॉर्मॅक गिलफिलन. आमच्याकडे नाव-आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या चर्चचा ते कळतं. याचं ऐकून समोरचा गोंधळात पडायचा, आणि त्याचं तोंड बघून हाही.

दोन्ही काठांचं एका गोष्टीवर मात्र कधी भांडण झालं नाही. परक्या घरी कुणी काही विचारलं तर पहिल्यांदा नकोच म्हणायचं. चहा घेणार? नको हो, आत्ताच झाला. अर्धा कप? छे, उगाच त्रास. अहो घ्या की! बरं, घोटभर. तिसऱ्यांदा हो. पहिल्या झटक्यात हो म्हणेल तो हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसेल तो चिंगूस. आपल्या स्वतःच्या घरात मात्र असलं काही नाही, तिथे कोण कशाला नको म्हणेल? कॉर्मॅकला ही रीत आमच्या आईने शिकवली आणि पलीकडे त्याच्या आजोबांनीही तीच शिकवली.

आजोबा म्हणजे मर्व्हिनचे वडील, वेस्ली गिलफिलन. शर्टांच्या कारखान्यात शिलाई यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला. उंच, टोपी घातलेले आणि शब्द जपून वापरणारे. पोर चालायला लागल्यापासून दर शनिवारी त्याला पलीकडच्या मैदानावर घेऊन जायचे. डावा पाय त्यांनीच घडवला. उजव्या पायातला बूट काढून ठेवायचे आणि मोज्यावर खेळायला लावायचे, म्हणजे पोर आपोआप डाव्याने मारतं. ग्रोन्या ओरडायची, मोज्यांना भोकं पडतात म्हणून. त्यांच्या गळ्यात उत्तरेच्या टीमचा हिरवा मफलर असायचा. बेलफास्टला मॅच असली की म्हातारा पावसातसुद्धा जायचा.

पोराला न्यायला ते माझ्या दुकानात यायचे. मी व्याह्याचा मान म्हणून चहा विचारायची. ते नको म्हणायचे. मी पुन्हा विचारायची. नको. तिसऱ्यांदा विचारायची, तरी नकोच. तिसऱ्यांदाही नको म्हणजे तुमच्या घरचं काही नकोच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वीस वर्षं मी त्यांना मिस्टर गिलफिलन म्हणत होते आणि ते मला मिसेस डीनी.

कॉर्मॅक सोळाचा होण्याआधी उत्तरेच्या लहान मुलांच्या टीमने त्याला बोलावलं. दक्षिणेच्या आधी त्यांनी विचारलं, म्हणून तो गेला. मॅचच्या आधी राणीचं गाणं, म्हणजे ब्रिटनचं राष्ट्रगीत, लागायचं तेव्हा हा खाली मान घालून बुटांच्या नाड्या बघायचा. माझं एक गिऱ्हाईक आहे, ह्युई नावाचं. रोज एक मासा आणि चार टोमणे असा त्याचा हिशोब असतो.

"काय रे, राणीची गाणी म्हणतोस म्हणे?"

"म्हणत नाही हो. नाड्या बघतो."

"मग एवढं बघून एक गाठ तरी धड बांधायला शीक. परवा मॅचमध्ये सुटली होती."

मग इंग्लंडच्या एका क्लबने त्याला नेलं. आम्ही सगळे बोटीपर्यंत गेलो, रडलो, आणि त्याच्या बॅगेत सोडा घातलेल्या पावाचे तीन लोफ कोंबले. तिकडे तो एका बाईकडे राहायचा, क्लबनेच सोय केलेली. बाई स्वभावाने चांगली होती. तिने पहिल्या दिवशी जेवताना विचारलं, "आणखी वाढू?" हा म्हणाला, "नको." बाईने ताट उचललं आणि धुवायला टाकलं! हा बसला वाट बघत. दुसऱ्या दिवशीही तेच. ख्रिसमसला घरी आला तेव्हा गालफडं बसलेली. क्लबचे डॉक्टर रक्त तपासून थकले, त्यांना काही सापडेना. ग्रोन्याने त्याला समोर बसवून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

"अरे मेल्या, मग भूक लागलीय म्हणून सांगायचं ना तिला!"

"असं कसं सांगायचं? तिने एकदाच विचारलं होतं."

दोन वर्षांनी क्लबने त्याला परत पाठवलं. अंगात जोर नाही, म्हणाले. पोर महिनाभर माझ्या दुकानात मागे बसून बटाटे सोलत होतं, कुणाशी बोलत नव्हतं. मग आमच्या शहराच्या क्लबने घेतलं आणि घरचं अन्न अंगी लागलं तसा डावा पाय पुन्हा बोलायला लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याने असे काही गोल केले की ह्युईसुद्धा एक दिवस टोमणा न मारता मासा घेऊन गेला.

आणि मग एकाच आठवड्यात दोन्हीकडून फोन आले. या वेळी मोठ्या टीमचे. आमच्या भागात जन्मलेल्या पोराला दोन्हीकडून खेळता येतं, पण मोठ्या टीमकडून स्पर्धेतली एक मॅच खेळलास की दुसरं दार कायमचं बंद, असा तेव्हा नियम होता. लहानपणी कुठे खेळलास ते कुणी धरत नाही, पण यापुढचं सगळं धरतात. ग्रोन्या हुशार. तिने दोन्ही घरांना आधीच बजावून ठेवलं होतं. कुणी पोराला ओढायचं नाही, कुणी फोन करायचा नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही. मला तर तिने आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला. मला तो दक्षिणेकडून खेळायला हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि मी तोंड शिवून बसले होते. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

पहिला फोन उत्तरेच्या कोचचा, सोमवारी. तो बॅलिमिनाचा, म्हणजे आमच्याच भागातला, रीत जाणणारा. कॉर्मॅक म्हणाला, "नको हो, माझ्यापेक्षा चांगली पोरं आहेत." कोच म्हणाला, "शहाणपणा पुरे." कॉर्मॅक म्हणाला, "माझी अजून तयारी नाही." कोच म्हणाला, "ती आम्ही करून घेऊ." मग रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा विचारलं. आता खरं उत्तर द्यायचं होतं. पोर म्हणालं, आजोबांना विचारून सांगतो. शुक्रवारी टीम जाहीर करायची आहे, तोवर सांग, असं कोच म्हणाला.

पोर पूल ओलांडून आजोबांकडे गेलं. आजोबा म्हणाले, "तुझं तू बघ." आईला विचारलं, ती म्हणाली तुझं तू बघ. बाप म्हणाला, आई म्हणते तसं. मग माझ्याकडे आला. मी माशाला पीठ लावत होते.

"मावशी, तू तरी सांग."

"मी शपथ घेतलीय."

"सगळ्यांनी शपथा घेतल्या, आणि मी एकटा इथे वेडा व्हायची वेळ आलीय. दक्षिणवालेही विचारणार असं ऐकलं तेव्हापासून हेच चाललंय. रात्री ठरवतो की उत्तर. सकाळी दात घासताना वाटतं, दक्षिण. दक्षिणेकडून खेळलो तर आजोबांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? उत्तरेकडून खेळलो तर या दुकानात कुठल्या तोंडाने येऊ?"

"दुकानात मागच्या दाराने ये, बटाटे सोलायला," मी म्हणाले. हसला नाही.

मंगळवारी तो दुकानात असतानाच दक्षिणेचा फोन आला. त्यांचा कोच पोर्तुगीज होता, नुकताच नेमलेला. कॉर्मॅक मागच्या खोलीत गेला. मी कढईचा जाळ बारीक केला, ऐकायला बरं पडावं म्हणून. मिनिटभरात तो बाहेर आला. चेहरा मात्र खुललेला.

"काय झालं?"

"त्यांनी बोलावलंय."

"मग तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो. माझी तयारी नाही, माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"बरं. मग त्यांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर?"

"दुसऱ्यांदा..." त्याने फोनकडे बघितलं. "ते म्हणाले, तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे. आणि ठेवला. करतील ना परत?"

माझ्या हातातला मासा तेलात धपकन पडला आणि मनगटावर फोड आला, तो डाग अजून आहे. "अरे टोणग्या! पोर्तुगीज आहे तो! त्याला काय माहीत आपलं नको म्हणजे काय! इंग्लंडमध्ये दोन वर्षं उपाशी राहून एवढंही शिकला नाहीस?"

"मग आता?"

"आता उलटा फोन कर आणि हो म्हण."

"आपणच नको म्हटलेलं आपणच मागायचं? मावशी, असं कोणी करतं का?"

खरंच, कोणी करत नाही. मीही केलं नसतं. आणि वर तो असंही म्हणाला, "मला हो म्हणायचं होतं की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही. दुसऱ्यांदा विचारतील तोवर विचार करू, असं वाटलं होतं."

बुधवार गेला. फोन आला नाही. पोर फोन खिशात घेऊन बटाटे सोलत होतं आणि सोललेले बटाटे सालांच्या बादलीत टाकत होतं. मी दोनदा फोनकडे हात नेला आणि दोनदा आईचा फोटो आठवून मागे घेतला. एका अर्थी प्रश्न सुटलाच होता. एकच दार उघडं राहिलं होतं, उत्तरेचं. ह्युई म्हणालाही, "चला, पोर्तुगीजाने निकाल लावला." मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता. पोर्तुगालचासुद्धा.

गुरुवारी दुपारी दुकान रिकामं असताना दार वाजलं. वेस्ली गिलफिलन. टोपी हातात. एकटे, नातवाला न्यायचं कारण नसताना, पूल ओलांडून माझ्या दुकानात पहिल्यांदाच आले होते.

"चहा घेणार, मिस्टर गिलफिलन?"

"नको. मिसेस डीनी, त्या डब्लिनवाल्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

मला वाटलं, माझे कान गेले. "कुठल्या डब्लिनवाल्यांचा?"

"दक्षिणेच्या फुटबॉलवाल्यांचा. पोराने नको म्हटलं म्हणे. ते रीतीचं नको होतं."

"ते मला माहीत आहे. पण ग्रोन्याने शपथ..."

"तुम्ही शपथ घेतलीत. मी फक्त बरं म्हणालो होतो." मग ते काउंटरला टेकले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ती रीत त्याला मी शिकवलीय. माझ्या शिकवणीने त्याचं दार लागलं असं मला नको. खोटं कशाला बोलू, मिसेस डीनी, तो आमच्याकडून खेळावा असं मला फार वाटतं. त्याला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हापासून वाटतं. पण दुसरीकडे जागाच उरली नाही म्हणून आला, असा नको मला."

 मी नंबर शोधून लावून दिला आणि फोन त्यांच्या हातात दिला. फोनवर कोचच्या कचेरीतली एक बाई होती. बोलण्यावरून पार दक्षिण टोकाच्या केरी जिल्ह्यातली, म्हणजे आपल्याच रीतीतली. वेस्लींनी तिला सरळ सांगितलं, मी पोराचा आजोबा, पोर नको म्हणालं ते एकदाच विचारलं म्हणून. बाई फोनवर एवढ्या जोरात ओरडली की मला काउंटरच्या या बाजूला ऐकू आलं.

"एकदाच विचारलं? आणि ठेवला फोन? अरे देवा! या माणसाला मी काय-काय शिकवू! थांबा, आजोबा, आत्ता बघते त्याच्याकडे."

वेस्लींनी फोन काउंटरवर ठेवला, टोपी घातली. मी म्हटलं, "आता तरी अर्धा कप?" ते नको म्हणाले आणि गेले. काचेतून मी त्यांना पुलाकडे जाताना बघत राहिले. आयुष्यभर ज्या माणसाला मी शिष्ट समजले त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती आणि कॉर्मॅक काउंटरमागे व्हिनेगर शिंपडत होता. केरीच्या बाईने पोर्तुगीजाला शिकवलं होतं, पण घाईत शिकवलं असावं. त्याने तिन्ही प्रश्न एका दमात विचारले. "येणार का? खरंच येणार का? अरे, ये की?" मधे श्वाससुद्धा घेतला नाही. कॉर्मॅकने पहिल्या नकोसाठी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिसरा येऊन गेला.

"हो," तो म्हणाला.

सगळी रांग ओरडली. ह्युईने मासा हवेत उडवला आणि झेललाही नाही. कॉर्मॅक मात्र व्हिनेगरची बाटली धरून तसाच उभा.

रांग संपल्यावर मला म्हणाला, "मावशी, माझ्या मनात होतं म्हणून हो म्हटलं, की तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायची सवय म्हणून?"

"त्या बॅलिमिनावाल्यानेही तीनदाच विचारलं होतं की. तिथे सवयीने हो का नाही आलं?"

त्याने व्हिनेगरची बाटली जागेवर ठेवली. मग म्हणाला, "माहीत नाही." अजूनही विचारलं तर हेच सांगतो. वर्तमानपत्रवाल्यांना मोठी-मोठी कारणं हवी असतात, आजीचं रक्त, मातीची ओढ. हा आपला खांदे उडवतो.

त्याने आधी बॅलिमिनावाल्या कोचला फोन केला, मग पुलापलीकडे गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाले आजोबा?"

"म्हणाले, बूट नवे घे. डब्लिनच्या मैदानावर पाय घसरतो." एवढंच. त्यांच्या दारात बसून दोघांनी मिळून जुन्या बुटांना तेल लावलं होतं. उत्तरेच्या टीमवाल्या कुणीतरी त्याच आठवड्यात वेस्लींच्या फाटकावर काहीबाही रंगवून ठेवलं. त्यांनी ते स्वतः घासून काढलं आणि कॉर्मॅकला सांगायचं नाही म्हणून मर्व्हिनला दम भरला.

मॅचच्या दिवशी मी कढई बंद ठेवली आणि काउंटरवर टीव्ही मांडला. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मॅच सुरू व्हायच्या जरा आधी दार उघडलं आणि वेस्ली गिलफिलन आत आले. गळ्यात तो हिरवा मफलर. ह्युईने धावत जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली, "वा, आजोबा! हिरवं घालून आलात! शेवटी आमच्यात आलात की!" त्यांनी टोपी काढली. उत्तरेच्या टीमचं चिन्ह असलेलं मफलरचं टोक त्यांनी आत दुमडून कोटाखाली घातलं होतं. ते मला दिसलं, बाकी कुणाला दिसलं नाही. मी एका पोराला उठवून त्यांना खुर्ची दिली.

दक्षिणेचं गाणं लागलं. आयरिशमधलं. कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून सरकत आमच्या पोराकडे आला. कॉर्मॅकची मान या वेळी वर होती आणि ओठ हलत होते, पण च्युइंगगम चघळल्यासारखे.

"शब्द येत नाहीत त्याला," वेस्ली हळूच म्हणाले.

"शिकेल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.  मग मी नेहमीचंच विचारलं. किटली चुलीवर नव्हतीच. तीन नको होईपर्यंत घाई काय असते?

"चहा घेणार, मिस्टर गिलफिलन?"

"हो," ते म्हणाले. "दे, डिंफना."

मी जागची हललेच नाही. पुढचे दोन प्रश्न तोंडात तयार होते, त्यांचं काय करायचं ते मला कळेना. एक तर निघूनच गेला, "अर्धा कप?"

"भरून दे," ते म्हणाले. त्यांची नजर टीव्हीवरून हलली नव्हती. "आणि बशीबिशी नको. मी काय पाहुणा आहे?"

मी मागे जाऊन नळाखाली किटली धरली. ती भरून वाहायला लागली, बाहेर शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली, तरी मी तिथेच उभी होते.